सोळा तारखेचं दूध

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तक्रार समितीचं कपाट उघडलं, तेव्हा काल ठेवलेलं पाकीट त्यात नव्हतं.

कपाट तसं रिकामंच असायचं. वरच्या कप्प्यात न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांची झेरॉक्स, खालच्या कप्प्यात आवक नोंदवही. सोमवारी दुपारी तीन वाजता त्या नोंदवहीत मी पहिली नोंद केली होती: 'क्र. १. बंद पाकीट, खाकी, एक. आणून देणार: सोमेश, प्रयोगशाळा सहायक.' मग पाकीट आत ठेवून कुलूप लावलं होतं आणि दोनदा ओढून पाहिलं होतं. ती माझी सवय आहे.

कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर दाद मागायला समिती हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं. आमच्या दूध संघात ती २००३ च्या जानेवारीत आली. मी प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञ. अक्षर बरं म्हणून मला समितीची सचिव केलं. अध्यक्ष विक्री विभागाच्या तेजस्वी मॅडम, बाहेरच्या सदस्य म्हणून एका महिला संस्थेच्या आक्का, आणि व्यवस्थापनातर्फे कार्मिक अधिकारी राजशेखर सर. सात महिन्यांत एकही तक्रार आली नाही. जी पहिली आली ती एका पुरुषाने आणली, आणि दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

"आकाराममामा, किल्ली कुणी नेली होती?" मी शिपायाला विचारलं.

"एक म्याडमांच्या पर्समधी. दुसरी ही काय खिळ्याला." आकाराममामांनी भिंतीकडे हनुवटी केली. "खिळ्यावरची कोण बी नेतंय. कपाटात काय सोनं हाय व्हय? हुपरीची चांदी बी न्हाय."

"काल संध्याकाळी या खोलीत कोण कोण आलं?"

"मी. राजशेखर साहेब. आन् अमरसिंह आलता, बिडी पेटवायला काडी मागत. म्याडम चारलाच घरी गेलत्या."

तेवढ्यात तेजस्वी मॅडम आल्या. मंगळवारी कँटीनबाहेरची तक्रारपेटी आम्ही दोघी उघडायचो. इतके दिवस त्यात चहाबद्दलच्या चिठ्ठ्या निघत. आज एक घडी घातलेला, संगणकावर छापलेला कागद निघाला. मॅडमनी तो वाचला आणि माझ्याकडे दिला.

'बुधवार, दि. १६ जुलै रोजी संध्याकाळी साडेसात वाजता दूध स्वीकृती डॉकवर प्रयोगशाळा सहायक सोमेश याने माझा हात धरून लज्जास्पद मागणी केली...' खाली आणखी चार ओळी होत्या, त्या मी इथे लिहीत नाही. तारीख १८ जुलै. सहीच्या जागी अंगठा. शेजारी नाव: चिमणाबाई, कॅन धुलाई.

"म्हणजे आधी हिने तक्रार केली," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि ते कळल्यावर सोमेशने उलटी तक्रार आणली. असंच दिसतंय ना हे?"

"दिसतंय खरं."

"मग त्याचं पाकीट दे. उघडू."

"मॅडम," मी म्हटलं, "पाकीट नाही."

२

पाकिटात कुणाचं नाव होतं ते मला माहीत नव्हतं. ते समितीसमोरच उघडायचं, असा नियम मीच लिहिला होता आणि मीच पाळला होता. आता त्या नियमाचा राग येत होता.

राजशेखर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साखर कारखान्यातून आमच्याकडे येऊन त्यांना सात महिने झाले होते. समितीचा फलक त्यांनीच स्वतः उभं राहून लावून घेतला होता. "उद्या बुधवारी अकराला बैठक घेऊ," ते म्हणाले. "मुलगा प्रोबेशनवर आहे. एक तारखेला त्याच्या कायम होण्याचा निर्णय. आरोप खरा ठरला तर प्रश्नच मिटला. पण शिवांजली, नीट तपास करा. अन्याय कुणावर नको."

डॉकवर गेले तेव्हा अमरसिंहदादांचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. डॉकची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. गगनबावड्याकडच्या चिलिंग सेंटरवरून आलेल्या एका नव्या टँकरवाल्याला ते झापत होते.

"अवो पावणं, किती येळा सांगायचं! संध्याकाळचं दूध उद्याच्या तारखेला! चलन बदलून आणा जावा!" मग माझ्याकडे वळून, "या म्याडम. आज सकाळीच? तुमची ती दुसरी म्याडम गेली की काय सासरी?"

दुसरी मॅडम म्हणजे सोमेश. दादा त्याला गेले वर्षभर तसंच हाक मारत आणि डॉकवरची माणसं हसत. हसू आलं नाही तरी हसत.

"दादा, काल तुम्ही ऑफिसात गेला होता?"

"गेलतो की. काडी मागाय. का, चोरी झाली?"

"तुमच्याबद्दल कुणी तक्रार केली तर तुम्हाला राग येईल?"

"माझ्याबद्दल?" ते मोठ्याने हसले. "मी काय लपून बोलतोय व्हय? त्याच्या तोंडावर बोलतोय. बायल्या हाय त्यो, सगळ्या डॉकला म्हाईत हाय. आसल्याची तक्रार कोण घेणार?"

माझ्या मनात पाकिटावर त्यांचंच नाव लिहून झालं होतं.

चिमणाबाई कॅन धुण्याच्या हौदापाशी होत्या. कंत्राटदाराचं माणूस, चौदा वर्षं कॅन धुतायत, अजून कायम नाहीत. वय पंचावन्नच्या पुढे. मला त्यांच्यासमोर त्या चार ओळी वाचायला कसंसंच झालं, त्यातून माझ्याबरोबर आलेले आकाराममामा शेजारी उभे. मी कागद घडीचाच ठेवला.

"चिमणाबाई, हा कागद तुमचा का?"

त्यांनी ओल्या हातांनी पदर सावरला. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अंगठा माझाच हाय."

"यात लिहिलंय ते सगळं खरं?"

"सायबांनी... आता ल्हिवलंय म्हणल्यावर खरंच आसंल की. मला का इचारतीस बाई? काय चुकलं का?"

"नाही, नाही. उद्या अकराला बैठकीला यायचं आहे."

"उद्या? उद्या मी येत न्हाय. बुधवारची माझी सुट्टी आसती. कंत्राटदार खाडा मांडंल."

"थोडा वेळच यायचंय." मी म्हटलं आणि त्या संध्याकाळी सोमेश कामावर होता का ते बघायला प्रयोगशाळेची नोंदवही काढायला निघाले.

नोंदवही जागेवर नव्हती. सोमवारी माझी साप्ताहिक सुट्टी, समितीपुरती दुपारी येऊन मी घरी गेले होते, म्हणून ती कुणी नेल्याचं मला ठाऊक नव्हतं. टेबलावर पोचपावती होती: 'सोमवार, सायं. ६. आयएसओच्या कामासाठी कार्यालयात नेली.' मामांनी ती तासाभराने आणून दिली. मी पान उलटलं. प्रत्येक दुधाच्या नमुन्याचं तापमान, आम्लता, आणि तपासणाऱ्याची सही.

१६ जुलै. संध्याकाळचं दूध. सात वाजून चाळीस मिनिटं. आणि समोर सोमेशची सही.

३

आठवणीपेक्षा नोंदीवर विश्वास ठेवायचा, असं मला कॉलेजात शिकवलं. त्या दिवशी मला ते शिक्षण नको होतं.

सोमेश सकाळच्या शिफ्टला होता. मी त्याला प्रयोगशाळेमागच्या ॲसिडच्या खोलीत नेलं. तिथे कुणी उगाच येत नाही. तो हुपरीचा. घरी पैंजणांचा कारखाना, म्हणजे पुढच्या खोलीत चार माणसं आणि एक भट्टी. आई रत्नव्वा त्याच्यासाठी मुली बघत होती, आणि दर सोमवारी तो नवीन मुलीबद्दल काहीतरी विनोद करायचा. आज त्याचा चेहरा निर्विकार होता.

"पाकीट गेलं," मी सांगितलं.

त्याने दाराकडे पाहिलं. "कुणी वाचलं असंल?"

"ज्याने नेलं त्याने. कुणाचं नाव होतं त्यात?"

"न्हाय सांगत."

"सोमेश, अरे, ते पुन्हा लिहून दे. आत्ता. मी इथे बसते."

"एकदा लिवलं. तीन रात्री लागल्या. त्यात त्याचं लिवायचं म्हणजे माझं बी लिवावं लागतंय, कळतंय का तुला? मी कोण हाय, कुणाबरोबर असतो, त्याला ते कसं कळलं, सगळं. आता त्यो कागद हुपरीला गेला तर अव्वा भट्टीत उडी घेईल. दुसऱ्यांदा हात चालायचा न्हाय."

मी त्याला चिमणाबाईंचा कागद दाखवला. त्याने वाचला आणि तो चक्क हसला. "मी? चिमणाबाईंचा हात?" मग हसू गेलं. "हे कुणी तरी खरं मानंल?"

"बुधवारी सोळा तारखेला संध्याकाळी तू कुठे होतास?"

त्याचा हात कागदावरच थांबला.

"बुधवारी," तो म्हणाला, "मी हितं नव्हतो."

"मग कुठे?"

"इचारू नको."

"सोमेश, कुणी एक माणूस सांगू दे की तू त्याच्याबरोबर होतास. बस, एवढंच. उद्या प्रश्न संपेल."

"माणूस हाय की. कळंब्याला त्याची खोली हाय, जोतीराम नाव. उद्या त्याला समितीपुढं उभा करू? आन् म्याडमनी इचारलं, तुम्ही दोघं काय करत होता, तर काय सांगू? पत्ते खेळत होतो?" त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "कायद्यात त्याला किती वर्षं हायेत, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. तेव्हा कलम ३७७ खाली दोन पुरुषांच्या संबंधांना दहा वर्षांपर्यंत कैद होती, किंवा जन्मठेप.

म्हणजे निर्दोष ठरायचं तर त्याला गुन्हेगार ठरावं लागणार होतं. आणि वर नोंदवही म्हणत होती की तो खोटं बोलतोय. सोळा तारखेच्या संध्याकाळी तो डॉकवर होता. मी त्याला ते सांगितलंही नाही. भीती वाटली, की तो त्याचंही काहीतरी उत्तर देईल आणि मला ते पटणार नाही.

४

माझी शिफ्ट संध्याकाळची होती. पावसाने टँकर उशिरा येत होते. पहिला नमुना साडेसातला आला. तापमान पाच अंश, आम्लता ठीक. मी नेहमीप्रमाणे तारीख घातली, सही केली, आणि पेन खाली ठेवलं.

मग मी काय लिहिलं ते पाहिलं.

मी लिहिलं होतं: २३ जुलै, संध्याकाळचं दूध. आज बावीस होती.

चूक नव्हती. आमच्याकडे दुधाचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. आज संध्याकाळी आलेलं दूध आणि उद्या सकाळी आलेलं दूध एकत्र होऊन उद्या पिशव्यांत भरलं जातं, म्हणून दोन्हीवर उद्याचीच तारीख. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण चुकतो, अमरसिंहदादांचा आवाज ऐकतो, आणि नंतर ते इतकं अंगवळणी पडतं की कुणी विचारच करत नाही. मीही केला नव्हता.

मी मागची पानं उलटली. 'सोळा, संध्याकाळ' म्हणजे मंगळवार, पंधराची संध्याकाळ. सोमेशची त्या शिफ्टची शेवटची. बुधवारी शिफ्ट बदलते. बुधवार, सोळाच्या खऱ्या संध्याकाळी आलेल्या दुधावर 'सतरा' लिहिलेलं होतं, आणि समोर सही होती ती माझी.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला डॉकवर मीच उभी होते. सोमेश नव्हता. सहा दिवसांपूर्वीची गोष्ट, आणि मी माझ्या डोळ्यांऐवजी माझ्याच वहीवर विश्वास ठेवला.

मग दुसरा विचार आला. तक्रारीत नुसती तारीख नव्हती, वार होता. बुधवार, सोळा, संध्याकाळ. त्या वेळी सोमेश डॉकवर असल्याचं साऱ्या जगात एकाच ठिकाणी दिसत होतं: या पानावर, आणि तेही पान चुकीचं वाचलं तरच. ज्याने तक्रार लिहिली त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं. त्याने वही वाचली होती. आणि त्याला दुधाची तारीख कळत नव्हती.

"दादा!" मी डॉकवरून ओरडले. "चिमणाबाईंचं घर कुठे?"

५

बुधवारी अकराला बैठक सुरू झाली. सोमेश आणि चिमणाबाई बाहेर बाकावर. आत टेबलाच्या एका टोकाला तेजस्वी मॅडम, उजवीकडे आक्का, डावीकडे राजशेखर सर, आणि दुसऱ्या टोकाला मी.

मी वही उघडली आणि दुधाच्या तारखेचं सगळं सांगितलं. मॅडमनी लगेच मान हलवली. दहा वर्षं त्यांच्या विभागाच्या मागण्या त्याच तारखेने जात होत्या.

"तेव्हा प्रश्न असा," मी म्हटलं, "की ही चूक कोण करील? अमरसिंहदादा नाही. ते दिवसातून वीस वेळा हीच गोष्ट ओरडून सांगतात. आकाराममामा नाही. शिपाई होण्याआधी अठरा वर्षं त्यांनी डॉकवर कॅन उतरवले. मॅडम नाही. चिमणाबाई तर नाहीच; चौदा वर्षं डॉकवर, आणि त्यांना वाचताही येत नाही. दुसरी गोष्ट. १८ तारखेचा कागद मंगळवारी पेटीत निघाला, म्हणजे सोमेशने तक्रार दिल्याचं ज्याला कळलं त्याने मागची तारीख घालून तो टाकला. आणि सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ही वही आयएसओच्या नावाखाली मागवून घेतली होती."

"कुणी?" आक्कांनी विचारलं.

मी पोचपावती टेबलावर ठेवली. राजशेखर सरांची सही स्वच्छ, वळणदार होती.

"वही मी मागवली," ते शांतपणे म्हणाले. "तो माझ्या कामाचा भाग आहे. यावरून तुम्ही कुठे पोचताय, शिवांजली?"

"चिमणाबाईंना आत बोलवू?"

चिमणाबाई आल्या त्या नऊवारीचा काचा आवळूनच. काल रात्री शिफ्ट सुटल्यावर त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी त्यांना तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला होता. मंगळवारी सकाळीच वाचला असता तर एक दिवस वाचला असता. माझी भीड मधे आली.

"सोमवारी सांच्याला ह्या सायबांनी बोलीवलं," त्यांनी बोट केलं. "म्हणाले, कायम करायच्या यादीचा कागद हाय, अंगठा दे. चौदा वर्सं मी त्या कागदाची वाट बघतीय. दिला. काल ह्या पोरीनं वाचून दावला. बुधवारी म्हणं त्यानं माझा हात धरला! बुधवारी माझी सुट्टी आसती, मुडद्या! मी माझ्या घरात भाकरी थापत हुती!" मग त्या मॅडमकडे वळल्या. "त्या पोरानं माझं जड क्यान उचललंय, दोनदा. माझा हात कुणी धरला आसंल तर ह्यानं, अंगठा शाईत बुडवाय."

कंत्राटी बायकांच्या सुट्ट्या कंत्राटदाराच्या वहीत असतात. कार्मिक विभागाकडे त्यांचं काहीच नसतं, नावंसुद्धा नसतात. सरांनी तिथेही पाहिलं नव्हतं.

राजशेखर सरांनी पोचपावती माझ्याकडे परत सरकवली.

"कागदाबाबत माझ्याकडून अनियमितता झाली असेल," राजशेखर सर म्हणाले. "त्याचं उत्तर मी व्यवस्थापकीय संचालकांना देईन. पण पाकिटाशी माझा संबंध कशावरून? पाकीट कुठे आहे?"

"ते मी सिद्ध करू शकत नाही," मी म्हटलं. खरं तेच.

"आणि मिळालं तरी?" त्यांनी खिशातून मार्गदर्शक तत्त्वांची प्रत काढली. ती त्यांना पाठ होती. "पीडित स्त्री, तक्रारदार स्त्री, महिला कर्मचारी. एका पुरुषाची तक्रार ऐकायचा या समितीला अधिकारच नाही. मॅडम, मी चुकत असेन तर सांगा."

मॅडमनी ती प्रत दोनदा वाचली. आक्कांनी चष्मा काढून वाचली. मी सोमवारपासून तीन वेळा वाचली होती.

ते चुकत नव्हते.

६

निकाल असा लागला: क्रमांक दोन, म्हणजे चिमणाबाईंच्या नावाची तक्रार, खोटी. सोमेशवर ठपका नाही. राजशेखर सरांबद्दलचा अहवाल संचालकांकडे, तोवर ते रजेवर. चिमणाबाईंच्या कायम होण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. क्रमांक एक समितीच्या कक्षेबाहेर. नोंद रद्द करावी.

"लाल शाईने फुली मार," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम, प्रयोगशाळेत नोंद रद्द करत नाहीत."

"ही प्रयोगशाळा नाही, शिवांजली." त्या उठून गेल्या.

डॉकवर बातमी माझ्या आधी पोचली होती. अमरसिंहदादा मला पाहून म्हणाले, "काय म्याडम, माझ्यावर संशय हुता न्हवं?"

"होता. पण तुमचा गुन्हा चोरीचा नाही. दुसरा आहे, रोजचा. त्यालाही नियम सापडत नाहीये."

ते वळून उगाच एका टँकरवाल्यावर ओरडले.

सव्वादोनला, त्याची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सोमेश समितीच्या खोलीत आला. आकाराममामांनी त्याला पाहिलं आणि चहा आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. सोमेशच्या हातात खाकी पाकीट होतं. बोटांवर शाई होती.

"बाकावर बसल्या बसल्या लिवलं," तो म्हणाला. "चिमणाबाई शेजारी हुती. म्हणाली, काय लिवतोस एवढं? म्हणलं, यादीचा कागद."

"राजशेखर सरच ना? घरी एकटा ये, नाहीतर कायमचं पत्र निघणार नाही, असंच काहीतरी?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली. "आन् जोतीरामला बघितलंय म्हणाला. पोलिसांत वळख हाय म्हणाला. सगळं लिवलंय आत. जोतीरामचं नाव न्हाय लिवलं. माझं लिवलं."

"समिती हे घेणार नाही, सोमेश. आज तसं ठरलंय. कदाचित कधीच घेणार नाही."

"आइकलं मी. दार कुठं लावलं हुतं तुम्ही." त्याने पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात काढला नाही. "तू नोंद कर. आलं हुतं, एवढं तरी ऱ्हाऊ दे."

मी आवक नोंदवही उघडली. क्रमांक एक जशीच्या तशी होती. क्रमांक तीन लिहिला. दुसरा रकाना छापील: 'तक्रारदार स्त्रीचे नाव'.

प्रयोगशाळेत चुकीचा आकडा खोडायचा नियम सोपा आहे. गिरवायचा नाही, पुसायचा नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर ते लिहायचं, शेजारी सही, तारीख. चूक कुणाची होती आणि कुणी दुरुस्त केली, हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे.

मी 'स्त्रीचे' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. वर 'व्यक्तीचे' लिहिलं. शेजारी सही केली. तारीख घातली: २३ जुलै, बुधवार.

मग सोमेशचं नाव लिहिलं, आणि त्याने पाकिटावरचा हात काढला.